मुंगोबाची आई

ग्लासगोत आल्यावर आईला सगळ्यात आधी आपलासा वाटला तो दिव्याच्या खांबावरचा मासा. बाबा आम्हाला स्टेशनातून घ्यायला आले होते, आम्ही बसमध्ये वरच्या मजल्यावर बसलो होतो आणि आई खिडकीच्या काचेवरची वाफ पदराने पुसून पुसून बाहेर बघत होती. कथीड्रलच्या चौकात बस थांबली तेव्हा ती एकदम म्हणाली, "अहो, त्या खांबावर मासा आहे. तोंडात काहीतरी धरलंय त्याने."

"अंगठी आहे ती," बाबा म्हणाले. "सिटीचं एम्ब्लेम आहे. मासा, पक्षी, झाड आणि घंटा. इथल्या सेंटची चिन्हं."

"सेंट म्हणजे?"

"संत गं. त्यांचा संत. सेंट मुंगो."

घर येईपर्यंत आई त्या चार गोष्टी शोधत राहिली, आणि त्या सापडतही गेल्या. लायब्ररीच्या दारावर मासा होता, बागेच्या लोखंडी फाटकावर होता, कचरा नेणाऱ्या गाडीच्या अंगावर होता. मला ज्या शाळेत घातलं तिच्या भिंतीवरही दगडात कोरलेला पक्षी होता. आठवड्याभरात आईने निकाल दिला. "ह्या गावाला ग्रामदैवत आहे," ती म्हणाली. "बरं झालं. बिनदेवाच्या गावात राहायचं म्हणजे मला धास्तीच होती." आणि तेव्हापासून आमच्या घरात सेंट मुंगो हा मुंगोबा झाला. बाबा सुरुवातीला हसायचे. नंतर तेही सहज म्हणायला लागले, "मुंगोबाच्या चौकात ट्राफिक होता, म्हणून उशीर झाला."

आम्ही डेनिस्टनमध्ये राहायचो, लाल दगडाच्या जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर. सगळ्या बिऱ्हाडांचा मिळून एकच जिना, त्याला इथे क्लोज म्हणतात. बाबांचं हॉस्पिटल चालत जाण्याइतकं जवळ होतं. ते भूल देणारे डॉक्टर होते, त्यामुळे घरी येताना त्यांच्या कपड्यांना एक गोडसर, थंड वास यायचा. स्वयंपाकघराचं छत उंच होतं आणि त्याला दोरीवर वरखाली होणारी लाकडी चौकट टांगलेली होती, कपडे वाळवायला. तिच्यावर आईची नऊवार पातळं टाकली की खोलीत तंबू ठोकल्यासारखं व्हायचं, आणि मी त्या ओल्या तंबूखाली बसून अभ्यास करायची. शनिवारी दुपारी लांबच्या फुटबॉलच्या मैदानातून हजारो माणसांची गर्जना यायची. पहिल्यांदा ती ऐकून आईने गॅस बंद केला होता. रविवारी घंटा वाजायच्या, एकीची दुसरीशी लय न जुळणाऱ्या. आईस्क्रीमची गाडी भर थंडीतही गाणं वाजवत यायची. आणि ह्या सगळ्यावर आमच्या घरातून निघणारा हिंगाचा आणि भाजलेल्या खोबऱ्याचा वास जिन्याने खाली उतरत जायचा.

तो वास पहिल्यांदा जिच्या दारात गेला ती खालच्या मजल्यावरची मिसेस डॉकर्टी. ती विधवा होती, मुलं मोठी होऊन लांब गेलेली, बिस्किटांच्या कारखान्यात आयुष्य काढलेली. एके दिवशी तिने दार वाजवलं. आई घाबरली, तिला वाटलं वासाची तक्रार आली. मिसेस डॉकर्टी म्हणाली, "हेन, काय शिजवतेस ते? माझ्या जिभेला चैन पडेना." आईला 'हेन'चा अर्थ तेवढा ठाऊक होता. ती मराठीत मला म्हणाली, "ही मला कोंबडी का म्हणतेय?" ग्लासगोत प्रत्येक बाईला लाडाने हेन म्हणतात हे मलाही तेव्हा माहीत नव्हतं. आईने कोंबडीचा अपमान गिळून तिच्यासमोर थालीपीठ ठेवलं, आणि त्या दोघींची मैत्री जुळली ती मिसेस डॉकर्टी जाईपर्यंत टिकली. आई तिला थालीपीठ द्यायची, ती आईला बटाट्याच्या जाड पोळ्या, टॅटी स्कोन, द्यायची. आई त्यावर लसणाची चटणी घालून खायची. दोघींच्या मध्ये दुभाषी म्हणून मी.

मुंगोबाच्या गोष्टी मी अशा ऐकल्या, स्वयंपाकघराच्या टेबलाशी, एका बाईकडून दुसरीकडे पोचवताना. लहानपणी मठात बरोबरीच्या पोरांनी एक रॉबिन पक्षी मारला आणि आळ मुंगोवर घातला. त्याने तो पक्षी ओंजळीत घेऊन प्रार्थना केली आणि पक्षी उडून गेला. त्याच पोरांनी त्याच्यावर सोपवलेली आग विझवली, तर त्याने हेझल नावाच्या झाडाच्या गोठलेल्या फांद्यांनी ती पेटवली. राणीने नवऱ्याने दिलेली अंगठी भलत्यालाच दिली, राजाने ती चोरून नदीत फेकली आणि राणीला म्हणाला, अंगठी आण नाहीतर मर. राणी मुंगोकडे धावली. त्याने एका माणसाला नदीवर मासा धरायला पाठवलं, माशाच्या पोटात अंगठी निघाली.

"पण चूक तर राणीची होती," मी म्हणाले.

मी मनाचंच बोलले होते, भाषांतर नव्हतं. आईने ते मिसेस डॉकर्टीला सांगायला लावलं. मिसेस डॉकर्टीने चहाचा घोट घेतला. "होती ना," ती म्हणाली. "म्हणून तिला मारू द्यायचं होतं का त्याने?"

आईला हे फार आवडलं. "चुकलेल्याला वाचवतो तो खरा देव," ती बाबांना संध्याकाळी म्हणाली. मिसेस डॉकर्टी कॅथलिक होती आणि कथीड्रल होतं दुसऱ्या पंथाकडे. पण ती म्हणायची, "इमारत त्यांची असेल, म्हातारा सगळ्यांचा आहे." शनिवारी फुटबॉलच्या मैदानावर ह्याच दोन पंथांच्या ज्या माणसांची एकमेकांशी मारामारी व्हायची, त्या दोन्ही बाजूंच्या माणसांच्या पोरांच्या शाळेवर तोच पक्षी होता. हे त्या वयातही मला मोठं वाटायचं.

लतामावशी आमच्याकडे यायची ती रविवारी. ती आईच्या मामांची मुलगी. आईची आई लवकर गेली म्हणून मामांनीच तिला कराडला स्वतःच्या घरी वाढवलं, आणि लतामावशी तिच्या कडेवर वाढली. मामा, म्हणजे माझे मामाआजोबा, हायस्कूलचे हेडमास्तर. शिस्तीचे, स्वच्छ धोतराचे, चुकीचं मराठी ऐकलं की रस्त्यात थांबून सुधारणारे. त्यांनी मुलीला नर्सिंग शिकायला इतक्या लांब पाठवलं ते केवळ आई ग्लासगोत आहे ह्या भरवशावर. लतामावशी नर्सेसच्या होस्टेलमध्ये राहायची. ती जिन्यातूनच शीळ घालत यायची, आल्या आल्या चपला भिरकावायची, आणि आईने केलेल्या पुरणपोळ्या उभ्याउभ्या खायची. चणाडाळ मिळाली नाही की आई इथल्या पिवळ्या वाटाण्याच्या डाळीचं पुरण करायची. लतामावशी म्हणायची, "अक्का, कराडपेक्षा हे भारी." ती खोटं बोलते हे आम्हाला तिघींना माहीत होतं आणि त्याने पुरण आणखी गोड लागायचं.

मग एका रविवारी ती शीळ न घालता आली. आईने आमटीला फोडणी दिली, हिंग तडतडला आणि लतामावशी तोंडावर हात धरून सिंककडे धावली. आई हातातला डाव तसाच धरून तिच्या पाठीकडे बघत राहिली. मग तिने गॅस बारीक केला आणि मला म्हणाली, "वसू, खाली मिसेस डॉकर्टीकडे जाऊन बस जरा." मी तेरा वर्षांची होते. मला जाताना काही कळलं नव्हतं, परत आल्यावर न सांगता सगळं कळलं. लतामावशी टेबलाशी बसली होती, आई तिच्या केसांना तेल लावत होती, आणि दोघी रडून थकल्या होत्या.

तो एक तरुण डॉक्टर होता. त्याचं लग्न गावाकडे आधीच ठरलेलं होतं हे त्याने लतामावशीला सांगितलं ते इंग्लंडमधली दुसरी नोकरी पक्की झाल्यावर. तो गेला. त्याचं नाव आमच्या घरात पुन्हा कोणी घेतलं नाही, मीही इथे घेत नाही.

आईने मामांना फोन केला. त्या काळी भारतात फोन लावणं म्हणजे सगळ्या घराने श्वास रोखून बसायचं काम. सकाळची वेळ होती, बाबा दाराशी, लतामावशी आतल्या खोलीत. आईने कमी शब्दांत सांगितलं. मग मामांचा आवाज मलाही ऐकू आला, इतका तो मोठा होता, आणि तरी त्यात राग नव्हता, फळ्यावर काही लिहून पुसून टाकावं तसा कोरडा होता. "मला मुलगी नाही. तूही तिला दारात उभी करू नकोस. केलीस, तर मला भाचीही नाही." आई म्हणाली, "मामा, ऐका ना," पण लाइन गेली होती.

बाबा वाईट नव्हते. हे मला इथे लिहून ठेवायचंय. ते घाबरले होते. ते नोकरीत अजून कायम झालेले नव्हते. लतामावशी त्यांच्याच हॉस्पिटलमध्ये शिकत होती. गावातली मराठी घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, आणि त्यातल्या शालिनीताई, बाबांच्या सीनियर डॉक्टरांच्या बायको, आधीच फोन करून आईला म्हणाल्या होत्या, "तुमच्या लताबद्दल काहीतरी ऐकलं. नीट विचार करा हं. आपल्याला सगळ्यांना इथे राहायचंय." बाबांनी चौकशी केली. एडिनबराच्या बाजूला अशा मुलींसाठी एक घर होतं. तिथे जायचं, बाळंत व्हायचं, बाळ चांगल्या माणसांना द्यायचं, आणि परत यायचं. "कोणाला कळणार नाही," बाबा म्हणाले. "तिचं करिअर वाचेल. मामाही शांत होतील. प्रॅक्टिकल विचार कर."

आई म्हणाली, "तिला काय हवंय?"

"तिला आत्ता काय कळतंय?"

लतामावशी काही बोलायचीच नाही. ती आमच्या घरी येऊन राहिली होती, माझ्या खोलीत झोपायची आणि दिवसभर खिडकीशी बसायची. मिसेस डॉकर्टीला कोणी काही सांगितलं नव्हतं, सांगायची गरजही नव्हती. एके दिवशी ती वर आली, आईला आणि लतामावशीला म्हणाली, "कोट घाला. हवा चांगली आहे. चला, माझ्या म्हाताऱ्याला भेटून येऊ." हवा चांगली मुळीच नव्हती, पण आम्ही गेलो.

कथीड्रलमध्ये मी शाळेबरोबर जाऊन आले होते, पण आईला आत पाऊल टाकायला संकोच वाटत होता. तिने दाराबाहेर चपला काढायला सुरुवात केली तेव्हा मिसेस डॉकर्टीने तिचा दंड धरला आणि तसंच आत नेलं. आत दगड आणि दगडच, उंच आणि काळसर, पावलांचा आवाज वरपर्यंत जाऊन परत येणारा. पायऱ्या उतरून खाली गेलो की खांबांचं एक दाट रान आहे आणि त्याच्या मधोमध मुंगोची समाधी. वर कापड घातलेलं. "आपल्याकडच्यासारखंच की," आई पुटपुटली. तिने हात जोडले. मग सवयीने तिने विचारलं, "ह्याचे आईबाप कोण?" मी ते इंग्रजीत सांगितलं.

मिसेस डॉकर्टी समाधीकडे बघतच बोलत होती, लतामावशीकडे तिने एकदाही पाहिलं नाही. आणि मी वाक्यावाक्याने ते मराठीत आणत होते. ह्याच्या आईचं नाव तेनू. "तानू?" आई म्हणाली. "आमच्या आळीत तानूबाई होत्या." तेनू राजाची मुलगी होती. तिला... इथे मी अडखळले. दिवस गेले हा शब्द मला तेव्हा येत नव्हता. मी म्हणाले, "तिला बाळ होणार होतं आणि तिला नवरा नव्हता."

खांबांच्या त्या रानात ते वाक्य मला फार मोठ्याने ऐकू आलं. आईने माझा हात धरला, पण गप्प केलं नाही.

राजाने, तिच्या सख्ख्या बापाने, तिला डोंगराच्या कड्यावरून खाली ढकलायला लावलं. ती मेली नाही. मग त्यांनी तिला चामड्याच्या एका लहानशा होडीत बसवलं, वल्ही दिली नाहीत, आणि समुद्रात सोडून दिलं.

"मग?" लतामावशीने विचारलं. कितीतरी दिवसांनी तिचा आवाज ऐकला मी.

रात्रभर होडी वाहत गेली आणि पहाटे पलीकडच्या किनाऱ्याला लागली. तिथे कोणीतरी शेकोटी पेटवून ठेवलेली होती. ती तिच्यापाशी गेली आणि तिथेच बाळंत झाली. जवळच्या मठातल्या म्हाताऱ्या साधूकडे लोकांनी दोघांना नेलं. त्याने विचारलं नाही कोणाचं, कुठलं. त्याने बाळाला उचललं आणि त्यांच्या भाषेत 'माझा लाडका' म्हणाला. त्या लाडक्याचंच पुढे मुंगो झालं.

"एवढंच," मिसेस डॉकर्टी म्हणाली. "आणि मग त्या पोराने हे गाव वसवलं."

त्या संध्याकाळी बाबा जेवायला बसले तेव्हा आईने ताट वाढलं आणि स्वतः समोर बसली, जे ती कधी करायची नाही. "लता कुठेही जाणार नाही," ती म्हणाली. "इथेच राहील. बाळही इथेच राहील."

बाबांनी घास खाली ठेवला. "कोणी काही सांगितलं वाटतं."

आईने तानूबाईची गोष्ट सांगितली. बाबांनी ऐकून घेतली. "अगं, गोष्ट आहे ती. हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची. खरी का खोटी कोणाला माहीत."

"खोटी असली तर जास्तच," आई म्हणाली. "मनात आणलं असतं तर त्यांना राजाराणीच्या लग्नाची गोष्ट लिहिता आली असती. त्यांनी ही ठेवली. बापाने टाकलेल्या बाईच्या पोराला ह्या लोकांनी गावचा देव केलं, तुमच्या बसवर काढलं, कचऱ्याच्या गाडीवर काढलं, वसूच्या शाळेवर काढलं. आपण ह्या गावचं खातो. आणि त्या गावात राहून मी माझ्या बहिणीला रात्रीतून लपवून एडिनबराला पाठवू?"

"मामांचं काय? त्यांनी तुला वाढवलं."

"वाढवलं म्हणूनच," आई म्हणाली.

बाबा उठून गेले. त्यानंतर कित्येक दिवस दोघं माझ्यामार्फत बोलत होते. मी पुन्हा दुभाषी झाले, ह्या वेळी मराठीतून मराठीत.

लतामावशीला सातवा लागला तेव्हा आईने डोहाळजेवण करायचं ठरवलं. डोहाळजेवणाचे प्रकार असतात, कोणाचं झोपाळ्यावर, कोणाचं बागेत, कोणाचं चांदण्यात. आई म्हणाली, नावेतलं करायचं. लतामावशी म्हणाली, "अक्का, नको गं. कशाला लोकांच्या डोळ्यांवर." आई म्हणाली, "डोळ्यांवर यावं म्हणूनच करायचं." डेनिस्टनहून बसने जाण्याच्या अंतरावर हॉगनफील्ड लॉक नावाचं तळं आहे, मध्ये पक्ष्यांचं बेट, आणि त्या काळी तिथे उन्हाळ्यात भाड्याने वल्ह्यांच्या होड्या मिळायच्या. मिसेस डॉकर्टीने सांगितलं की मुंगोने ज्या ओढ्याकाठी पहिलं देऊळ बांधलं तो ओढा ह्याच तळ्यातून निघतो. आता तो बराचसा रस्त्यांखालून जातो, दिसत नाही. मग तर आईला दुसरी जागा चालणारच नव्हती. तिने सगळ्या मराठी घरांत फोन करून आमंत्रण दिलं, शालिनीताईंनासुद्धा. "माझ्या बहिणीचं डोहाळजेवण आहे," एवढंच. नवऱ्याचं नाव कोणी विचारलं की म्हणायची, "बहीण माझी आहे ना? मग या." बाबांनाही तिने सांगितलं. ते म्हणाले, त्या दिवशी माझी ड्यूटी आहे.

दोन दिवस घरात नुसता तुपाचा वास होता. करंज्या, अनारसे, नारळीभात, कोथिंबिरीच्या वड्या. मी ओटीचे तांदूळ निवडले. लतामावशीला आईने स्वतःच्या लग्नातलं हिरवं पातळ नेसवलं आणि केसांत माळायला गजरा नव्हता म्हणून मिसेस डॉकर्टीच्या परसातली पांढरी फुलं दोऱ्यात ओवली. आम्ही तिघी पिशव्या घेऊन बसने निघालो. कंडक्टरने हिरव्या पातळातल्या त्या भरल्या बाईकडे पाहिलं आणि डोक्यावरची टोपी उचलली. "कधी आहे, हेन?" त्याने विचारलं. लतामावशी बऱ्याच महिन्यांनी हसली.

तळ्याकाठी आम्ही सतरंजी घातली. ऊन पडलं होतं, वारा होता, हंस होते. कोणी नव्हतं. एक बस आली आणि गेली. आई करंज्यांवरचं फडकं काढायची आणि पुन्हा झाकायची. दुसरी बस आली, त्यातून एक म्हातारा कुत्रा घेऊन उतरला. लतामावशी म्हणाली, "अक्का, आपण खाऊन घेऊ आणि जाऊ." आईने तिच्याकडे पाहिलंच नाही, रस्त्याकडे पाहत राहिली. मला त्या क्षणी आईची इतकी दया आली आणि इतका अभिमान वाटला की दोन्हींतलं कोणतं जास्त हे आजही सांगता येणार नाही.

पुढच्या बसमधून मिसेस डॉकर्टी उतरली, चर्चला घालायची हॅट घालून. तिच्या मागे आमच्या क्लोजमधल्या सगळ्या बाया, कोणाच्या हातात केक, कोणाच्या हातात विणलेले इवले मोजे. वरच्या मजल्यावरची ती बाईसुद्धा होती, जी जिन्यात आमच्याशी कधी बोलायची नाही. आणि सगळ्यांच्या शेवटी, हातात हिरव्या बांगड्यांचा पुडा घेऊन, शालिनीताई. एकट्याच. जवळ येऊन त्या आईला म्हणाल्या, "ह्यांना सांगितलेलं नाही मी." मग लतामावशीसमोर बसून त्यांनी तिचे हात पुढे ओढले आणि एकेक बांगडी चढवायला घेतली. आईने नंतर कधीच त्यांना त्या फोनबद्दल विचारलं नाही.

आता होडीत बसायचं, तर वल्ही मारणार कोण हा प्रश्न आला. होडीवाला दुसऱ्या टोकाला होता. बायका हसत होत्या, एकमेकींना पुढे ढकलत होत्या. तेवढ्यात माझं लक्ष गेलं. रस्त्याच्या बाजूने हॉस्पिटलचा सूट घालून, टाय खांद्यावर उडालेला, बाबा गवतातून लगबगीने येत होते. काठाशी येऊन त्यांनी बूट काढले, मोजे काढले, विजार दुमडली आणि पाण्यात उतरून होडी धरली. बाबा सांगलीचे, कृष्णेत वाढलेले. "ये लता," ते म्हणाले. "सावकाश. माझ्या खांद्यावर हात ठेव."

लतामावशी होडीत बसली, समोर आई, मध्ये मी खाऊचं ताट घेऊन. बाबांनी वल्ही घेतली आणि अशी लयीत मारली की पाण्याचा आवाजही आला नाही. काठावर आईने शिकवल्याप्रमाणे बायकांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग मिसेस डॉकर्टीने त्यांचं काहीतरी गाणं धरलं. आईने डोहाळ्याचं गाणं म्हटलं. दोन्ही गाणी पाण्यावर एकात एक मिसळली आणि कोणाचंही बिघडलं नाही. बेटाला वळसा घालून येताना बाबा आईला म्हणाले, थेट आईला, "ड्यूटी बदलून घेतली." आई म्हणाली, "करंजी घ्या," आणि हात गुंतलेले म्हणून तिने ती त्यांच्या तोंडात दिली.

मुक्ता श्रावणात जन्मली, मुंगोच्या समाधीपासून हाकेच्या अंतरावरच्या हॉस्पिटलमध्ये. लतामावशीची सिस्टर ट्यूटर, म्हणजे नर्सिंग शिकवणारी बाई, आईला भेटायला घरी आली, दोन अनारसे खाऊन गेली, आणि वर्षभराने लतामावशीने जिथून सोडलं होतं तिथूनच शिक्षण पुढे सुरू केलं. मुक्ता दिवसा आईकडे असायची, आईला काम असलं की मिसेस डॉकर्टीकडे. पुढे लतामावशी वॉर्डची सिस्टर झाली आणि आमच्यासमोरच्याच इमारतीत राहायला गेली.

परवा हाय स्ट्रीटवरून जात होते. आता तिथे एका इमारतीच्या अख्ख्या भिंतीवर मुंगोचं चित्र रंगवलंय, साधी लोकरी टोपी घातलेला, आजच्या कपड्यांतला माणूस, बोटावर रॉबिन. जवळच दुसऱ्या भिंतीवर बाळाला पाजणारी एक तरुण आई आहे. लोक फोटो काढत होते. भुयारी रेल्वेच्या एका स्टेशनाला आणि मोठ्या दुकानांच्या इमारतीला सेंट ईनक म्हणतात, ते तेनूचंच बिघडलेलं नाव आहे हे तिथून रोज जाणाऱ्या अनेकांना माहीत नसतं. नाव बिघडलं, पण पुसलं नाही. मला ह्या शहराचं ह्यासाठीच कौतुक वाटतं. इथे दारू आहे, भांडणं आहेत, पाऊस आहे, मला शाळेत ऐकावं लागलेलं बरंच काही आहे. पण आपला देव कोणाच्या पोटी आला हे ह्या गावाने लपवलं नाही.

मामाआजोबा ग्लासगोला आले ते मामीआजी गेल्यावर. आई त्या फोननंतर पहिल्यांदाच कराडला गेली होती, येताना त्यांना घेऊनच आली. ते म्हणाले होते, "तुझं घर बघायला येतो." लतामावशीचं नाव त्यांनी घेतलं नव्हतं, आईनेही नाही. त्या दुपारी ते आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर ताठ बसले होते, पांढऱ्या धोतरावर बाबांचा ओव्हरकोट. लतामावशी ओट्याशी उभी होती, त्यांच्याकडे पाठ करून. तिने त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा त्यांनी पाय मागे घेतले नव्हते, पण आशीर्वादही दिला नव्हता. बाबा वर्तमानपत्र उलटं धरून बसले होते.

मुक्ता शाळेतून आली. पहिलीतली, दोन वेण्या, एक मोजा घसरलेला. ती त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली.

"तुम्ही कोण आहे?"

"मी वसूचा आजोबा," ते म्हणाले.

"माझी पण?"

मामाआजोबांनी तोंड उघडलं ते सवयीने. "माझी नव्हे. माझे. माझे पण आजोबा, असं म्हणावं." आणि मग आपण काय म्हणालो ते त्यांच्याच कानावर पडलं असावं.

"माझे पण आजोबा," मुक्ता म्हणाली.

"नाव काय तुझं?"

"मुक्ता."

"पूर्ण सांगावं. नुसतं नाव सांगू नये." हजारो मुलांना त्यांनी हे सांगितलं असेल. आईने हातातला डबा आवाज न करता खाली ठेवला. लतामावशी वळली.

मुक्ताने हात मागे बांधले, शाळेत सांगतात तसे. "मुक्ता लता निकम. आणि तुमचं?"

आमच्या घरात मामाआजोबांचं पूर्ण नाव कोणाला पाठ नव्हतं असं नाही. दत्तात्रय गोविंद निकम, कराडच्या निम्म्या दाखल्यांवर ती सही आहे. त्यांनी मुक्ताकडे पाहिलं. मग खुर्चीत थोडे सरसावून, वर्गात हजेरी द्यावी तसे म्हणाले, "दत्तात्रय रखमा निकम."

रखमा ही त्यांची आई. ऐन तारुण्यात विधवा झालेली, दुसऱ्यांच्या खळ्यावर राबून मुलाला शिकवणारी. आईने तिच्याबद्दल ऐकलं होतं, पण मामांच्या तोंडून तिचं नाव तिनेही त्या दिवशी पहिल्यांदाच ऐकलं.

"छान आहे," मुक्ता म्हणाली आणि दप्तर ठेवायला गेली.

मामाआजोबांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसला. "लता," ते म्हणाले, "चहा टाक. साखर बेताची."

लतामावशीने पातेलं नळाखाली धरलं. ते भरलं, काठावरून पाणी वाहायला लागलं, तिचे हात भिजले, तरी ती तशीच उभी होती. शेवटी आई मागून गेली आणि तिने हात लांब करून नळ बंद केला.